रुपयाला आठ आणे : तंजावरचा कर्जदार आणि नादारीचा कायदा

मार्च २०१६ च्या पहिल्याच आठवड्यात कर्जवसुलीची दोन दृश्ये देशाने पाहिली. २ मार्च रोजी राज्यसभेचे तत्कालीन सभासद विजय मल्ल्या सतरा बँकांचे सुमारे नऊ हजार कोटी रुपये थकवून विमानाने लंडनला रवाना झाले. विमानतळावर त्यांना कोणीही अडवले नाही. त्याच आठवड्यात तंजावर जिल्ह्यात, ट्रॅक्टरच्या कर्जाचे बहुतेक हप्ते फेडून अखेरचे दोन हप्ते थकलेल्या एका शेतकऱ्याला पोलिसांनी लोकांच्या डोळ्यांदेखत मारहाण केली आणि त्याचा ट्रॅक्टर ओढून नेला. त्या मारहाणीची चित्रफीत देशभर फिरली, वृत्तपत्रांनी दोन दिवस हळहळ व्यक्त केली, एका चित्रपट अभिनेत्याने कर्ज फेडण्याची तयारी दाखवली आणि प्रकरण मिटल्यासारखे झाले.

या दोन दृश्यांची तुलना तेव्हा सर्वांनीच केली. ती करण्यास फारशी बुद्धी लागत नव्हती. आम्हाला त्याच्या पुढचा प्रश्न विचारावयाचा आहे. २६ जुलै २०२१ रोजी बँकांच्याच अर्जावरून लंडनच्या न्यायालयाने मल्ल्यांना दिवाळखोर जाहीर केले. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे दिवाळखोराची मालमत्ता विश्वस्ताच्या ताब्यात जाते आणि साधारणतः एका वर्षाने, फसवणुकीसारखी काही देणी वगळता, बाकीच्या देण्यांतून त्याची सुटका होऊ शकते. म्हणजे नऊ हजार कोटींच्या ऋणकोसाठीही कायद्याने बाहेर पडण्याचा एक दरवाजा ठेवलेला आहे. मग तंजावरच्या त्या शेतकऱ्यासाठी, त्याच्या शेतात रोजावर लावणी करणाऱ्या शेतमजूर स्त्रीसाठी, कुंभकोणमच्या विणकरासाठी असा दरवाजा कोठे आहे? आहे, असे सरकार सांगते. तो दरवाजा आपण जरा जवळ जाऊन पाहू.

कागदावरचा दरवाजा

इंग्रजांनी या देशात नादारीचे दोन कायदे केले. १९०९ चा कायदा कलकत्ता, मुंबई व मद्रास या तीन शहरांसाठी आणि १९२० चा प्रांतिक नादारी कायदा बाकीच्या मुलखासाठी. तंजावर दुसऱ्यात मोडते. या १९२० च्या कायद्यात ज्याची देणी पाचशे रुपयांवर आहेत, किंवा हुकूमनाम्याच्या बजावणीत ज्याला अटक झाली आहे, किंवा ज्याच्या मालमत्तेवर जप्ती आली आहे, असा ऋणको जिल्हा न्यायालयाकडे स्वतः अर्ज करू शकतो. न्यायालयाने त्याला नादार ठरवले की त्याची मालमत्ता रिसीव्हरच्या हाती जाते. मात्र अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि राहते घर अशा, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली जप्तीतून वगळलेल्या गोष्टींना हात लावता येत नाही. पुढे ठरल्या मुदतीत नादाराने मुक्ततेचा अर्ज करावयाचा. तो केला नाही तर सारेच रद्द.

आणि या मुक्ततेच्या टप्प्यावर कायद्याचा खरा चेहरा दिसतो. कलम ४२ म्हणते की नादाराची मालमत्ता त्याच्या बिनतारणी देण्यांच्या मानाने रुपयाला आठ आण्यांइतकीही भरत नसेल, तर न्यायालयाने त्याला बिनशर्त मुक्तता नाकारलीच पाहिजे. अपवाद एकच : ही अवस्था आपल्या दोषाने आलेली नाही, असे त्याने न्यायालयाला पटवून द्यावे. पुरावा कोणी द्यावयाचा? नादारानेच. कावेरीला पाणी आले नाही, मेट्टूर धरण वेळेवर उघडले नाही, वादळाने नारळाची बाग आडवी केली, यात आपला दोष नाही, हे त्याने वकील लावून सिद्ध करावयाचे! ज्याच्यापाशी देण्याच्या निम्मीही मालमत्ता आहे तो बहुधा न्यायालयात न जाताच तडजोड करतो. ज्याच्यापाशी काहीच नाही, त्याच्यासाठीच नादारीचा कायदा असावयास हवा आणि त्याच्याच पुढ्यात हा आठ आण्यांचा उंबरठा घातलेला आहे.

या जुन्या कायद्याच्या जागी २०१६ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता आली. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्तींच्या नादारीची तरतूद आहे आणि त्यात 'नव्याने सुरुवात' अशा गोंडस नावाचे एक प्रकरणही आहे. गरीब ऋणकोची लहान देणी फेडल्याविना रद्द व्हावीत, असा त्याचा हेतू सांगितला गेला. अटी पाहा. वार्षिक उत्पन्न साठ हजार रुपयांपेक्षा जास्त नसावे. मालमत्ता वीस हजारांपेक्षा जास्त नसावी. पात्र देणी पस्तीस हजारांच्या आत असावीत. आणि ऋणकोचे स्वतःचे घर नसावे, मग ते गहाण असो वा नसो. म्हणजे ज्या शेतमजुराला सरकारनेच आवास योजनेत दोन खोल्या बांधून दिल्या, तो त्या दोन खोल्यांपायी अपात्र! एका हाताने घर द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्याच घराकडे बोट दाखवून 'तू गरीब नाहीस' म्हणावयाचे, अशी ही करामत आहे.

एवढ्या कडक अटी घालूनही सत्ताधाऱ्यांना ही तरतूद अमलात आणण्याचा धीर झाला नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये अधिसूचना निघाली आणि १ डिसेंबर २०१९ पासून तिसरा भाग लागू झाला, पण कोणासाठी? कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी फक्त. बँकांना बड्या प्रवर्तकांच्या मागे लागता यावे म्हणून हे केले, असे त्याचे समर्थन झाले आणि सर्वोच्च न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी ते उचलून धरले. बड्यांना हात घातला याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार ही की शेतकरी, मजूर, विणकर, हातगाडीवाला यांना अधिसूचनेने दाराबाहेरच ठेवले आणि त्यांच्या वाट्याला इंग्रजांचा १९२० चा कायदाच राहिला. शिवाय संहितेने व्यक्तींची प्रकरणे जिल्हा न्यायालयातून काढून कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे सोपवली आहेत. तामिळनाडूत ही न्यायाधिकरणे चेन्नई, कोइमतूर आणि मदुराई येथे आहेत, तंजावरला नाहीत. शिवाय नावच पाहा : कर्जातून सुटका मागावयाची ती 'वसुली' न्यायाधिकरणाकडे.

आता हीच संहिता कंपन्यांना कशी वागवते? दिवाळखोरी मंडळाच्याच आकडेवारीप्रमाणे ज्या कंपन्यांच्या प्रकरणांत तोडगा निघाला, त्यांत धनकोंच्या पदरी मान्य दाव्यांच्या सुमारे एकतृतीयांश रक्कम पडली. जुन्या हिशेबाने रुपयाला पाच आणे. व्हिडिओकॉन समूहाच्या प्रकरणात सुमारे पासष्ट हजार कोटींच्या मान्य दाव्यांपुढे २,९६२ कोटींची योजना जून २०२१ मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणाने मंजूर केली, म्हणजे रुपयाला एक आणासुद्धा नाही. अपिलात जानेवारी २०२२ मध्ये ती योजना रद्द झाली, हे खरे. पण ती मंजूर होऊ शकली हेच पुरेसे बोलके आहे. मूळ प्रवर्तकाच्या हातून कंपनी जाते, तेव्हा ही माफी नव्हे, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. कारखाना जिवंत राहावा, उत्पादन चालू राहावे, म्हणून धनकोंनी तोटा सोसावा, हे तत्त्वही आम्हाला मान्य आहे. फक्त तेच तत्त्व पाच माणसांच्या कुटुंबाला का लागू होत नाही, एवढे आम्हाला कोणी समजावून सांगावे.

तंजावरचे पहिले कर्ज

मराठी वाचकाला तंजावर म्हटले की व्यंकोजी, सरफोजी, सरस्वती महाल आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी शिलालेख आठवतो. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु या राज्याच्या अखेरीत कर्जाच्या राजकारणाचा वाटा केवढा होता, हे आपल्या शालेय इतिहासात सांगितले जात नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अर्काटचा नवाब मुहंमद अली हा ईस्ट इंडिया कंपनीचा मांडलिक. कंपनीच्या फौजेचा खर्च भागवण्यासाठी तो कंपनीच्याच नोकरांकडून जबर व्याजाने कर्ज काढी. दिवसा कारकुनी करणारे हे गोरे रात्री सावकार होत. या कर्जांना तारण हवे होते आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाइतके उत्तम तारण दक्षिणेत दुसरे नव्हते. १७७३ मध्ये कंपनीच्या फौजेने नवाबासाठी तंजावर जिंकले, राजा तुळजाजीला कैद केले आणि मुलुख नवाबाला दिला. नवाबाने तेथील पिकाचा वसूल सावकारांच्या नावे करून टाकला. १७७६ मध्ये लंडनच्या संचालकांच्या हुकमाने गव्हर्नर पिगटने तुळजाजीला राज्य परत केले, तेव्हा पॉल बेनफिल्ड नावाचा कंपनीचा एक किरकोळ नोकर पुढे आला आणि म्हणाला, या मुलखावर माझे येणे आहे : नवाबाकडून १,६२,००० पौंड आणि तंजावरच्या रयतेकडून ७२,००० पौंड! वर्षाला काही शे पौंड पगार घेणाऱ्याने सव्वादोन लाखांहून अधिक पौंड कोठून आणले, असा प्रश्न पिगटने विचारला. उत्तरादाखल २४ ऑगस्ट १७७६ रोजी त्याच्याच कौन्सिलातील बहुमताने त्याला अटक केली. पुढील वर्षी मे महिन्यात तो नजरकैदेतच मेला. सावकाराच्या खात्याला हात लावणाऱ्या गव्हर्नराची ही गत, तर रयतेचे काय विचारता?

पुढे १७८५ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाने नवाबाची ही देणी नीट चौकशी न करता कर्नाटकाच्या महसुलातून फेडण्याचे ठरवले. २८ फेब्रुवारी १७८५ रोजी एडमंड बर्कने पार्लमेंटात त्यावर गाजलेले भाषण केले. बर्क काही आपल्या पंथाचा नव्हे. चार-पाच वर्षांनी तो फ्रेंच क्रांतीवर तुटून पडला. तरीही ही कर्जे म्हणजे सत्ताधाऱ्यांच्या संगनमताने रचलेली लूट आहे, हे त्याने स्वच्छ ओळखले होते. एकोणिसाव्या शतकात कर्नाटकच्या उरलेल्या दाव्यांची छाननी करण्यास आयुक्त नेमले गेले, तेव्हा दाव्यांच्या एक दशांशही रक्कम खरी ठरली नाही. जी आधीच विनाचौकशी फेडली गेली होती, ती कोण परत करणार? २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजीने राज्यकारभार कंपनीच्या हाती दिला आणि १८५५ मध्ये वारस नाही म्हणून उरलेली गादीही खालसा झाली. (बेनफिल्डची पेढी पुढे बुडाली आणि तो १८१० मध्ये पॅरिसमध्ये दारिद्र्यात मेला. सावकारही कधी कधी बुडतात. पण त्यांचे बुडणे कुळाच्या कामी येत नाही.)

हे सर्व कोणी फेडले? राजाने नव्हे, नवाबानेही नव्हे. पान्नै म्हणजे मिरासदाराच्या शेतावर राबणाऱ्या पान्नैयाळाने फेडले. लग्नासाठी किंवा आजारपणासाठी घेतलेल्या चार-दोन रुपयांपायी नवरा-बायको आणि त्यांची मुले मिरासदाराकडे बांधली जात. मजुरी धान्यात, तीही मालकाच्या मापाने. पळून गेल्यास चाबूक आणि शेणाचे पाणी पाजणे. यातील बहुतेक सारे दलित. १९४३ पासून येथे लाल बावटा उभा राहिला तो या चाबकाविरुद्ध आणि शेणपाण्याविरुद्ध. त्याचे नेते कॉ. बी. श्रीनिवास राव मूळचे कन्नड भाषक. परक्या भाषेच्या मुलखात जाऊन, ती भाषा शिकून, १९६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी या शेतमजुरांत काम केले. मराठी पक्षसभासदांनी हे नाव विसरू नये.

या लढ्याच्या रेट्याने राजाजींच्या सरकारला १९५२ मध्ये तंजावरची कुळे व पान्नैयाळ यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. पण मिरासदारांनी काय केले? पान्नैयाळांना कामावरून काढून त्यांना रोजंदार करून टाकले. मालकाचे बंधन सुटले, त्याबरोबर मालकाकडची उचलही बंद झाली आणि अडीनडीला पैसा देणारा दुसरा सावकार दाराशी उभा राहिला. कर्जाने माणूस बदलला, कर्ज हटले नाही. मजुरीवाढीचा प्रश्न तेवढ्याच तीव्रतेने पुढे आला आणि २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील किळवेण्मणी येथे ४४ दलितांना, बहुतांश स्त्रिया व मुले, एका झोपडीत जाळून मारण्यात आले. कर्जाची चर्चा मजुरीच्या चर्चेपासून तोडणाऱ्या पंडितांनी हे गाव एकदा पाहून यावे.

'शेतकरी' कोण?

मद्रास इलाख्यात १९३८ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. १ ऑक्टोबर १९३२ पूर्वीच्या कर्जांवरील १ ऑक्टोबर १९३७ रोजी थकलेले सारे व्याज त्याने रद्द केले आणि मुद्दलाच्या दुप्पट रक्कम ज्याने आधीच भरली त्याचे कर्ज संपले, असे ठरवले. आपल्याकडे दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यात जुनाच होता; मद्रासेत तो नव्हता, तेव्हा ही सुधारणा लहान नव्हती. पण या कायद्यात 'शेतकरी' कोणाला म्हणावयाचे? ज्याचा जमिनीत विक्रीयोग्य हितसंबंध आहे त्याला! पिढ्यान्‌पिढ्या चिखलात उभा राहून भात लावणारा पान्नैयाळ या व्याख्येप्रमाणे शेतकरीच नव्हता. हीच गोष्ट आजतागायत चालू आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तामिळनाडू सरकारने सहकारी बँकांची १२,११० कोटींची पीककर्जे माफ केली. ती मागणी योग्यच होती आणि आपल्या किसान संघटना तिच्यासाठी लढल्या होत्या. परंतु पीककर्ज मिळते जमिनीच्या उताऱ्यावर. ज्याला उतारा नाही त्याला पीककर्ज नाही आणि म्हणून माफीही नाही. त्याचे कर्ज रोजच्या वसुलीच्या 'तंडल'वाल्याचे, सोनारापाशी गहाण पडलेल्या कुड्यांचे आणि मायक्रोफायनान्सचे.

मायक्रोफायनान्सबद्दल दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण त्रिभुज प्रदेशातील शेतमजूर स्त्रियांच्या गळ्याभोवतीचा आजचा फास तो आहे. दहा-पंधरा बायकांचा गट, आठवड्याची बैठक, तारण काही नाही. तारण म्हणजे शेजारणीची अब्रू. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी भरावयाचा किंवा सर्वांनी तिच्या दारात बसावयाचे. वसुली करणाऱ्याला गुंड पाळण्याचीही गरज उरत नाही; शेजारणींनाच तो गुंड बनवतो. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गज वादळाने पट्टुक्कोट्टै, पेरावुरणी, ओरत्तनाडु भागातील नारळाच्या बागा जमीनदोस्त केल्या, नव्या रोपाला फळ धरण्यास वर्षे लागतात. हप्ता मात्र दर आठवड्याला येतो.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये ठरवले की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर त्याला मायक्रोफायनान्सचे कर्ज देता येईल आणि साऱ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नयेत. व्याजदरावरची जुनी मर्यादा त्याच वेळी काढून टाकली. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. कर्ज देताना तीन लाख उत्पन्नाचे कुटुंबही 'गरीब', आणि कर्जातून सोडवताना साठ हजारांच्या वरची व्यक्ती गरीब नव्हे. जाळे टाकताना भोके बारीक आणि सोडताना त्याहून बारीक! आणि हप्त्यांची मर्यादा? उत्पन्नाच्या रुपयातले आठ आणे. १९२० च्या साहेबाने मुक्ततेसाठी आठ आणे मागितले, २०२२ च्या नियमाने दर महिन्याला आठ आणे मागण्याची मुभा दिली.

'कर्जशिस्ती'चे पुजारी

कर्जमाफीची मागणी निघाली की एक ठरावीक प्रवचन सुरू होते. मार्च २०१७ मध्ये स्टेट बँकेच्या तत्कालीन अध्यक्षा अरुंधती भट्टाचार्य यांनी माफीमुळे कर्जशिस्त बिघडते असे सांगितले. पुढच्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी तेच पालुपद आळवले. या सद्‌गृहस्थांना शिस्त शिकवण्यास शेतकरीच सापडतो. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या उत्तराप्रमाणे २०१४-१५ पासूनच्या नऊ आर्थिक वर्षांत बँकांनी १४.५६ लाख कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली, त्यांतील सुमारे ७.४१ लाख कोटी बड्या उद्योग व सेवा क्षेत्राची. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, असा खुलासा लगेच केला जातो. ठीक आहे. निर्लेखित कर्जांतून त्या नऊ वर्षांत वसूल किती झाले? सुमारे दोन लाख कोटी. बाकीच्याला शब्दकोशात काय म्हणतात ते या मंडळींनीच सांगावे.

फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या न्यायालयात अनिल अंबानींच्या वतीने सांगण्यात आले की देणी वजा जाता त्यांची निव्वळ मालमत्ता शून्य आहे. तंजावरच्या कोणत्याही शेतमजूर स्त्रीची निव्वळ मालमत्ता शून्याखालीच भरेल. पण ती हे सांगण्यासाठी बॅरिस्टर कोठून आणणार?

आपल्या पंक्तीतील दोन चुका

आता थोडे आपल्या स्वतःविषयी. युनियनच्या कचेरीत कर्जदार येतो तेव्हा आपण काय करतो? काही साथी म्हणतात, नादारीचा अर्ज, दिवाणी दावा, जप्तीला हरकत ही सारी भांडवली न्यायालयाची भानगड. तीत पडल्याने जनतेत भ्रम पसरतात. सावकारशाही नष्ट झाल्याशिवाय कर्ज संपणार नाही. शेवटचे वाक्य खरे आहे आणि म्हणूनच ते टाळाटाळीस फार सोयीचे आहे. ज्या बाईच्या दारात उद्या सकाळी वसुलीवाला येणार आहे तिला हे वाक्य ऐकवून परत पाठवणे म्हणजे क्रांतिकारकत्व नव्हे, आळस होय. दुसरी चूक उलट्या बाजूची. काही साथी, विशेषतः नोकरीपेशातील, कानात सांगतात की घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे, आपण बुडवेगिरीला उत्तेजन देऊ नये. या साथींनी मुद्दलाच्या किती पट रक्कम आधीच भरली गेली आहे हे कार्ड हातात घेऊन मोजावे आणि मग नीतीची भाषा करावी.

कर्जदाराच्या मनातील भीती बऱ्याच अंशी कायद्याच्या अज्ञानावर पोसलेली असते आणि सावकार ती जोपासतो. कर्ज न फेडल्यास तुरुंगात जावे लागते काय, हा पहिला प्रश्न. साध्या थकबाकीसाठी नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ खाली अटक होऊ शकते, पण ऐपत असूनही लबाडीने चुकवणाऱ्याला; निव्वळ गरिबीमुळे न फेडणाऱ्याला कैदेत टाकणे घटनेच्या २१ व्या कलमाशी विसंगत आहे, असा निर्णय न्या. कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात दिला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही. कलम ५६ तसे स्पष्ट म्हणते. मात्र येथे एक सापळा आहे. खासगी सावकार आणि वित्त कंपन्या कर्ज देताना सही केलेले कोरे धनादेश घेतात. धनादेश न वटल्यास कलम १३८ खाली तो फौजदारी गुन्हा होतो आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दिवाणी देण्याचे फौजदारीत रूपांतर करण्याची ही युक्ती आहे. म्हणून कोरा धनादेश आणि कोऱ्या कागदावरची सही, या दोन गोष्टी देऊ नका, हे गावोगाव सांगितले पाहिजे. जुन्या कर्जाची मुदत संपत आली की सावकार गोड बोलून 'नुसती एक सही' मागतो. त्या सहीने पुढील तीन वर्षांचा दावा त्याला नव्याने मिळतो.

नवरा कर्ज ठेवून मेला तर बायकोवर ते येते काय? तिने स्वतः जामीन म्हणून सही केली नसेल तर नवऱ्याकडून वारसाने जेवढे मिळाले तेवढ्यापुरतेच. काहीच मिळाले नसेल तर काहीच नाही. बापाचे ऋण मुलाने धर्म म्हणून फेडलेच पाहिजे, हा हिंदू कायद्यातील जुना सिद्धान्त २००५ च्या दुरुस्तीने यापुढील कर्जांपुरता मोडीत काढला. तरी तेराव्याच्या दिवशी सावकार तोच धर्म आठवून देतो. जामीनदाराची जबाबदारी मात्र ऋणकोइतकीच असते, आणि गटकर्जात बायकांच्या सह्या एकमेकींसाठी घेतलेल्या असतात, हे ध्यानात ठेवावे. बँक न्यायालयात न जाता २००२ च्या सरफेसी कायद्याखाली तारण ताब्यात घेते, तो कायदा शेतजमिनीला लागू नाही.

तामिळनाडूत २००३ पासून जबर व्याजाला बंदी करणारा कायदा आहे. दिवसाचे व्याज, तासाचे व्याज, मीटर व्याज, कंदु व्याज, तंडल असे सारे प्रकार त्यात नावानिशी नोंदले आहेत. तरीही ऑक्टोबर २०१७ मध्ये तिरुनेलवेलीच्या जिल्हाधिकारी कचेरीच्या आवारात एका मजूर कुटुंबाने दोन चिमुकल्या मुलींसह जाळून घेतले. सावकाराविरुद्ध त्यांनी वारंवार अर्ज केले होते. कायदा होता, कचेरी होती, अर्ज होते. नव्हता तो त्या अर्जामागे उभा असणारा जमाव. २०२५ मध्ये तेथे वित्तसंस्थांच्या जुलमी वसुलीविरुद्ध नवा कायदा झाला आहे. त्याचेही तेच व्हावे असे वाटत नसेल तर आपल्याला काम आहे.

महाराष्ट्राचा अनुभव याहून वेगळा नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले आणि दंगा पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. कर्जरोख्यावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला होणारी कैद बंद केली आणि पन्नास रुपये देणे असलेल्या शेतकऱ्यालाही नादारीचा अर्ज करण्याची वाट मोकळी केली. रोखे जाळल्यानंतर चार वर्षांनी! १९७५ च्या महाराष्ट्र कर्जमुक्ती कायद्याने लहान शेतकरी, शेतमजूर व कामगारांची सावकारी कर्जे रद्द केली, सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७७ मध्ये फत्तेचंद हिंमतलाल प्रकरणात हरले. सरकार कर्ज रद्द करू शकत नाही, असे जो म्हणतो त्याला हा निकाल दाखवावा.

तेव्हा मागणी काय करावयाची? व्यक्तींच्या नादारीची तरतूद कष्टकऱ्यांना लागू करा. उत्पन्नाची मर्यादा कर्ज देताना जी धरता तीच सोडवताना धरा. राहत्या घराची अट काढा. अर्ज तालुक्याच्या न्यायालयात, फीशिवाय, घेतला जावा आणि अर्ज दाखल होताच वसुली थांबावी. याबरोबरच भूमिहीनाला उताऱ्याविना सहकारी सोसायटीचे कर्ज मिळाले पाहिजे, नाहीतर सोमवारी नादारीतून सुटलेला माणूस मंगळवारी तंडलवाल्याकडे जाईल. आणि मजुरी. दिवसाची मजुरी हप्त्यापेक्षा कमी असेल तोवर कोणताही कायदा पुरा पडणार नाही.

तोवर प्रत्येक शाखेने आपल्या विभागातील कर्जदार स्त्रियांची कार्डे गोळा करावीत. मुद्दल किती, हातात प्रत्यक्ष किती पडले, विम्याच्या आणि फीच्या नावाने किती कापले, आजवर किती भरले, कोरे धनादेश कोणी घेतले, हे वहीत उतरवून घ्यावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर कर्जदाराकडे जाता येत नाही. गटाची बैठक ज्या दिवशी असेल त्या दिवशी युनियनचा एक कार्यकर्ता, शक्यतो स्त्री कार्यकर्ती, वही घेऊन तेथे बसलेली असावी.